कच्छचा तणमोर

– नाही गं, कच्छच. लिही तू बिनधास्त. कच्छ, ऑगस्ट एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. स्लाइडच्या चौकटीवर माझ्या हातानं लिहिलंय, त्यात विचारायचं काय – आणि तुला तू म्हटलं तर चालेल ना? चौतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत भूगोल शिकवलाय मी, समोर कोणी वही उघडून बसलं की तोंडात तूच येतं. टेकून बस नीट. हे येतीलच. स्वारगेटला गेलेत, कानाचं यंत्र साफ करून घ्यायला. यंत्र स्वच्छच आहे, ह्यांनाच ऐकायचं नसतं, पण ते त्या डॉक्टरांनी कसं सांगावं. अर्धा तास धर. तोवर मला विचार की. तुमच्या संस्थेला दिगंबररावांचं आयुष्य हवंय ना – कुठली गाडी, कुठला डाकबंगला, कुठल्या जंगलात कितवा मलेरिया – ते मला पाठ आहे, त्यांना नाही. ते फक्त गेले होते. लक्षात मी ठेवलंय.

आनंदी म्हणालीस ना तू? तर आनंदी, आमचं लग्न झालं तेव्हा हे फोटोग्राफर नव्हते हो. भवानी पेठेत एका आडत्याकडे काट्यावर कारकून होते. गुळाच्या ढेपा मोजायच्या आणि लिहायच्या. मालकाच्या मेव्हण्यानं आफ्रिकेतून आणलेला कॅमेरा बंद पडला, तो त्यानं ह्यांच्या अंगावर टाकला, म्हणाला बघ काही होतंय का – झालं. कॅमेरा दुरुस्त झाला आणि माणूस बिघडला. पहिला फोटो काय काढावा? ढेपेवर बसलेल्या मधमाश्या. इथल्या एका साप्ताहिकानं तो छापला, ह्यांनी दुसऱ्या दिवशी नोकरी सोडली. माझे वडील, आबा – हडपसरचे, गेनबा म्हणून सगळे ओळखायचे, चांगली बारा एकर बागाईत – ते पुण्यात आले, कोचावर बसलेसुद्धा नाहीत, उभ्याउभ्या मला म्हणाले, "फोटू काढून तुला काय खायला घालनार हाय ह्यो? पाखरं?" मी म्हटलं, आबा, माझा पगार आहे. तेव्हापासून माझा पगारच आहे. पण ते असो, ते लिहू नकोस.

पुढं मात्र ह्यांनी नाव काढलं, हे आबांनाही मान्य करावं लागलं. काझीरंगा, लडाख, अंदमान, सुंदरबन – एक राज्य सोडलं नाही. आणि माझा फ्रिज सोडला नाही. रोल थंड राहावे लागतात म्हणून लोण्याच्या कप्प्यात रोल, भाजीच्या ड्रॉवरमध्ये रोल, कोथिंबीर बाहेर उकाड्यात मरतेय. रिकाम्या झालेल्या त्या काळ्या डब्या मी मसाल्याला घ्यायचे. चांगल्या असतात, झाकण घट्ट बसतं, दमट होत नाही. तर एकदा लडाखला हे पोचले, सोळा हजार फुटांवर दम खात खात डबी उघडली – आत जिरं. दुसरी उघडली – ओवा. म्हणाले, तुझ्यामुळं माझे काळ्या मानेचे क्रौंच गेले. मी म्हटलं, आणि तुमच्यामुळं माझं जिरं गेलं, इथं फोडणीला रोल टाकू का मी? चहा घे ना, साय येईल.

तर फोटोओळी. फोटोखाली छापतात ना, कोण, कुठं, केव्हा – त्या. रोल धुवायला मुंबईला जायचे आणि तीन-तीन आठवड्यांनी पुठ्ठ्याच्या चौकटीत बसून स्लाइड परत यायच्या. तोवर हे पुढच्या मुलखात. आणि साप्ताहिकाचा शिपाई दारात उभा, बाई, अंक थांबलाय. मग ओळी कोण लिहिणार? मी. भाजी चिरता चिरता एकेक स्लाइड खिडकीकडं धरायची, शेजारी शाळेचा अ‍ॅटलास, त्याच्या शेजारी रेल्वेचं वेळापत्रक. ह्यांची पत्रं यायची त्यावरून अंदाज. लोक उंटावरून शेळ्या हाकतात, मी ओट्यावरून उंट हाकलेत. मी स्वतः महाबळेश्वरच्या पुढं गेलेली नाही, सांगून ठेवते. पण चूक – नाही म्हणायला एकदा बियासची सतलज झाली होती. कोणाचं पत्र आलं नाही. पुण्यात कोणाचं पत्र आलं नाही म्हणजे बघ, किती बेमालूम झाली असेल.

आता हा तणमोर. तुला काय सांगायचं, तू त्यातलीच शिकलेली, पण मी सगळ्यांना सांगते तसं सांगते. गवतात राहणारा पक्षी, कोंबड्याएवढा, एरवी दिसायचा नाही. पावसाळ्यात नराला मादीला रिझवायचं असतं, म्हणून तो गवतातून सरळ वर उडी मारतो, माणसाच्या उंचीच्या वर, आणि पुन्हा गवतात पडतो. दिवसभर तेच. वर गेला, खाली आला, दुसरा उद्योग नाही. ह्यांनी तो बरोबर वर असताना पकडला – पंख उघडे, पाय पोटाशी, मान मागं. त्या एका फोटोवर ह्यांचं आयुष्य उभं आहे गं. कॅलेंडरं झाली, पुस्तकाचं मुखपृष्ठ झालं, किती व्याख्यानं झाली. आणि व्याख्यानातलं कच्छ दर वर्षी वाढतं. पहिल्यांदा नुसतं ऊन होतं. मग वावटळ आली. मग एक म्हातारा मेंढपाळ आला, त्यानं ह्यांना दूध पाजलं. परवा टिळक रोडला बोलले त्यात तर पायावरून साप गेला. मी पहिल्या रांगेत बसून स्वेटर विणत होते, एक टाका चुकला माझा. मला वाटतं आता ह्यांना ते सगळं खरंच वाटतं. येत्या रविवारी जीवनगौरव आहे ना, त्याच्या निमंत्रणावर हाच फोटो छापलाय, खाली ठसठशीत – कच्छचा तणमोर. तर तू कच्छच लिही.

काय आणलंयस? अगंबाई, फोटो किती मोठा केलायस. छान आलाय. पीस न् पीस दिसतंय. काय? कोपऱ्यात? थांब, जवळचा चष्मा घेते. हां. दगड आहे. बरं मग? कच्छमध्ये दगड नसतात का? नाही, हा आधी दिसत नव्हता, हे खरं. चौकट सोडवून स्लाइड बाहेर काढली तेव्हा दिसला? असेल, पुठ्ठ्याखाली कडेचा एवढासा भाग झाकला जातोच. पण पुठ्ठ्याखाली काय आहे ते मी कशाला बघायला जाऊ, मी वरती लिहिणारी बाई. आकडा आहे? असेल मैलाचा दगड. आकड्याखाली – मु. उ. का. – हो, वाचता येतंय मला. गुजरातीत असेल काहीतरी. देवनागरी आहे? गुजरातीतही काही अक्षरं अशीच असतात. सगळीच नसतात, हो. माहीत आहे मला, मी शिकवलंय.

जरा ते दार लोटून घे. समोरच्या वासंतीबाई भाजी निवडायला मुद्दाम जिन्यात बसतात.

हडपसर आहे ते. मुठा उजवा कालवा. आणि मागं ते धुरकट झाड दिसतंय ना, वीज पडून दोन फाटे झालेलं, तो आबांच्या बांधावरचा हिवर. त्या झाडाला मी झोका बांधलाय लहानपणी. आता तिथं काचेच्या इमारती आहेत, गळ्यात पट्टे घातलेली पोरं बाहेर वडापाव खात उभी असतात, पण तेव्हा कालव्याच्या पलीकडं नुसतं माळरान होतं, कमरेएवढं गवत. दगड मला माहीत नव्हता, झाड माहीत होतं. स्लाइड हातात आली तेव्हाच मी ओळखलं. त्याला झाली चव्वेचाळीस वर्षं. आता तू अशी तोंडाकडं बघू नकोस, मला बोलायला अवघड जातं.

मी बाळंतपणाला माहेरी गेले होते. मैनेचं बारसं होतं. आबांचं पहिलं नातवंड, त्यांनी अख्खी आळी जेवायला सांगितली, दारात मांडव. ह्यांनी सकाळी पुण्याहून सायकलवर यायचं. नणंद कुसुम एसटीनं आली, म्हणाली दादा माझ्या आधीच निघालाय. अकरा वाजले, बारा वाजले, बाया पाळण्याभोवती ताटकळल्यात, आणि आई दर पाच मिनिटांनी वेशीकडं माणूस पाठवतेय – जावई दिसतात का बघ. एक वाजला. आबा काही बोलले नाहीत. आबा ओरडले की आम्ही कोणी भीत नव्हतो, गप्प बसले की भीत होतो. शेवटी दोन वाजून गेल्यावर कुसुमनं कानात कुर्र केलं आणि नाव ठेवून टाकलं. मला त्या दिवशी इतकी लाज वाटली, आनंदी, की मी माझ्या लेकीच्या पाळण्याकडंसुद्धा नीट बघितलं नाही. सगळ्या बाया माझ्याकडं बघत होत्या ना.

तिसऱ्या दिवशी पोस्टकार्ड. संपादकांनी तातडीनं कच्छला धाडलं, निरोप द्यायला वेळ नव्हता. म्हणजे बघ, हडपसरच्या बारशाला सायकलवरून निघालेला माणूस कच्छला पोचला. आबांनी ते मानलं, कारण आबांना नकाशा माहीत नव्हता. मला माहीत होता. बारा दिवसांनी हे आले, दाढी वाढलेली, हातात माझ्यासाठी कच्छी भरतकामाची पिशवी, आरसे लावलेली. आबांना म्हणाले, तिकडं ऊन फार. मी आत नेऊन पिशवी उलटी केली, तर शिवणीला लक्ष्मी रोडच्या दुकानाची चिठ्ठी. बारा दिवस हे नारायण पेठेत मित्राच्या खोलीवर दाढी वाढवत बसले होते, ते मला त्या मित्राच्या बायकोनं पुढं पाच वर्षांनी सांगितलं. पण तेव्हा काय माहीत? बारशाला नाही, कच्छला नाही, मग माणूस होता कुठं? घरात ओली बाळंतीण असताना नवरा खोटं बोलून बारा दिवस नाहीसा होतो, तेव्हा बाईला एकच उत्तर सुचतं. तुला सुचलं ना? मलाही तेच सुचलं. दीड महिना मी त्या बाईला रोज नवा चेहरा देत होते. कधी गोरी, कधी सावळी, एकदा तर साप्ताहिकातली शुद्धलेखन तपासणारी, ती बिचारी साठीची होती. मैनेला पाजताना डोळ्यांतून पाणी. आई म्हणायची, दृष्ट लागली, मीठमोहऱ्या ओवाळायची. कोणाला सांगणार होते मी?

मी पुण्याला परत आले आणि मुंबईहून खोकं आलं. नेहमीसारखी विळी मांडली, स्लाइड खिडकीकडं धरली, आणि समोर आबांचा हिवर. हसले गं मी. मैना मांडीवर होती, ती दचकून उठली इतकी हसले. सवत नव्हती. तणमोर होता. देवाला साखर ठेवली मी, विचार त्यांना – नको, त्यांना नको विचारू. आणि मग पुन्हा रडले. कारण मैलभरावर होता गं. मांडव दिसत असेल तिथून. मैलभरावर गवतात पडून राहिला आणि उठून आला नाही.

मग कच्छ का लिहिलं? खरं ठिकाण लिहिलं असतं तर आबांनी तो अंक कोणाकडून तरी वाचून घेतला असता आणि जावयाला त्याच कालव्यात बुडवला असता. आणि खरं सांगू, मला बघायचं होतं हे काय करतात. अंक आला. हे जेवायला बसले होते. मी ताटाशेजारी अंक उघडून ठेवला. ह्यांनी फोटो बघितला, ओळ वाचली, माझ्याकडं बघितलं. मी कढी वाढत होते. हे म्हणाले, "मीठ दे जरा." संपलं. तेवढाच काय तो आमच्यात खुलासा झाला. त्यांना वाटलं, भोळी आहे, फसली. मी म्हटलं, वाटू दे. पुढं मैना शाळेत गेली, तिचं लग्न झालं, आता नाशकात तिचे दोन मुलगे आजोबांच्या कच्छच्या गोष्टी ऐकून झोपतात. कुठल्या तोंडानं मोडायचं?

तुझंही खरं आहे. मला कळत नाही असं समजू नकोस. पुण्याच्या उंबऱ्यावर तणमोर होता, त्याचा हा शेवटचा पुरावा असेल तर तो चुकीच्या गावावर खपवणं बरोबर नाही. मी वर्गात एका पोरानं कोयना उलटी वाहवली तर अंगठे धरायला लावलेत. पण रविवार जाऊ दे ना. शहात्तर वर्षांचा माणूस शाल घेऊन उभा राहणार, आणि तुम्ही खाली कागद वाटणार की ह्यांचं कच्छ हडपसरला आहे? मैना येणार आहे रविवारी. तिला कळेल की तिच्या बारशाला बाप कुठं होता. माझ्यावर लिही सगळं. लिही की बायकोनं ओळ चुकवली, बायको महाबळेश्वरच्या पुढं गेलेली नव्हती. ते खरंही आहे. चालेल?

मानेनं नाही काय म्हणतेस? आणि पिशवीत काय शोधतेस आता, अजून एक दगड?

हे अक्षर ह्यांचं आहे. खोक्यात होतं? दिवाळीत ह्यांनी संस्थेला स्लाइडची खोकी दिली, त्यांत? दे इकडं. "स्लाइड क्रमांक पस्तीसवरील ठिकाण चुकीचं आहे. बरोबर ठिकाण हडपसर, मुठा उजवा कालवा, सासऱ्यांच्या रानाजवळ. सकाळी दहा ते दुपारी तीन." – पाच तास. मी दोन धरत होते. – "मुलीच्या बारशाला निघालो होतो. जवळ एकच रोल होता. उठलो असतो तर पक्षी गेला असता, असं त्या दिवशी वाटत होतं. सासऱ्यांनी मांडवात कर्णा लावला होता, त्यावरून पाळणा ऐकू येत होता. मुलीचं नाव मी गवतात पडून ऐकलं. शेवटची, छत्तिसावी फ्रेम हलली आहे, त्याचं कारण ते. ही दुरुस्ती आम्ही दोघं गेल्यानंतर छापावी. माझ्या पत्नीचा कच्छवर पूर्ण विश्वास आहे. तो मोडण्याचं धैर्य मला झालं नाही."

कर्णा होता. हो गं. आबांनी शेजारच्या मांजरी गावातून भाड्यानं आणला होता, दिवसभर खरखरत होता.

आणि तू मघापासून मला कच्छ-कच्छ करू दिलंस. तुला ह्यांनी बोलावलंय, होय ना? नकाशावर जागा दाखवायला. पाच वाजता सांगितलं आणि तू चारलाच आलीस. तरीच सकाळपासून मला चारदा विचारून झालं, तू आज भजनाला जाणार ना, नक्की जाणार ना. मी म्हटलं, ह्यांना एकदम देव कुठून आठवला. भजन रद्द झालंय हे मी सांगितलंच नाही, गंमत बघायला.

नाही, रडत नाही. रागावलेय मी. आणि बरंही वाटतंय, दोन्ही एकदम, आता काय करू त्याला. चव्वेचाळीस वर्षं मी ह्यांना सांभाळतेय असं मला वाटत होतं.

ती छत्तिसावी आहे तुझ्याकडं? हललेली? टाकून नाही ना दिलीत, तुम्ही लोक हललेलं टाकून देता. आहे? तर तिचा एक मोठा छाप काढून आण. ह्यांना नाही द्यायचा, मला. नुसतं हललेलं गवत असलं तरी चालेल. ती हवीय मला.

जिना वाजला. हेच. ही काठी ह्यांचीच. ती चिठ्ठी आत टाक, फोटो राहू दे वर, मला काय डोळे पूस म्हणतेस, तू पूस आधी. मी तुला काही सांगितलं नाही, तू मला काही दाखवलं नाहीस. त्यांनी म्हटलंय आम्ही दोघं गेल्यावर, तर आम्ही दोघं गेल्यावर. नकाशा काढून ठेव, पेन्सिल ठेव – आले, आले हो, उघडते. कोणी नाही, ही संस्थेतली मुलगी, आत्ताच टेकलीय, अजून पाणीसुद्धा नाही दिलं. बसा तुम्ही निवांत. मी निघालेच होते भजनाला.